नाण्यांचा लिलाव : बोली घरी ठरवावी, सभागृहात फक्त पाळावी

लिलावाचे कॅटलॉग हाती पडले की बहुतेक हौशी संग्राहक आधी छायाचित्रे पाहतात, मग अंदाजित किंमत वाचतात आणि वेळ उरलाच तर लॉटखालचे (लॉट म्हणजे एका बोलीत विकले जाणारे नाणे किंवा नाण्यांचा गट) वर्णन. हा क्रम उलटा केला तरी बरेचसे नुकसान टळते. मी मराठा आणि ब्रिटिशकालीन नाणी जमवतो आणि त्यांतली बरीचशी लिलावांतूनच घेतलेली आहेत. पहिल्या लिलावाला मी एका रुपयासाठी आठ हजारांची मर्यादा मनात धरून गेलो होतो. साडेआठ हजारांवर हातोडा पडला तेव्हा पाचशेच तर जास्त गेले, अशी मनाची समजूत घातली; बिल हाती आले तेव्हा प्रीमियम (म्हणजे बोलीच्या रकमेवर लिलाव घर घेते ते जादा शुल्क) आणि कर धरून आकडा साडेदहा हजारांच्या पुढे गेला होता. यात लिलाव घराचा काही दोष नव्हता, कारण अटी कॅटलॉगच्या सुरुवातीलाच छापलेल्या होत्या आणि मीच त्या वाचल्या नव्हत्या. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो : बोलीचा आकडा घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन ठरवायचा आणि लिलाव सुरू झाल्यावर नवे काहीही ठरवायचे नाही. पुढे जे लिहिले आहे ते हा आकडा कसा काढावा आणि तो कसा टिकवावा, एवढ्याचसाठी आहे.

अटी आणि वर्णन

प्रथम अटींचे पान वाचावे आणि पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात : खरेदीदाराकडून घेतला जाणारा प्रीमियम किती टक्के आहे, कर कशावर आणि किती लागतो, बोलीचे टप्पे कोणते आहेत (म्हणजे बोली किती-किती रुपयांनी वाढते), पैसे किती दिवसांत भरायचे आहेत आणि नाणे खोटे निघाल्यास ते परत करण्याची मुदत व पद्धत काय आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एका लॉटमध्ये वीस-पंचवीस नाणी एकत्र विकली जातात तेव्हा ती ‘जशी आहेत तशी’ विकली जातात आणि परत घेतली जात नाहीत, ही अट सर्रास असते. म्हणून अशा ढिगाच्या लॉटवर बोली लावताना त्यातले प्रत्येक नाणे आपण स्वतः ओळखू शकतो का, हे आधी स्वतःला विचारावे.

मग वर्णन. राणीच्या किंवा राजाच्या रुपयाखाली साधारणपणे धातू, वर्ष, टांकसाळ, वजन, प्रत (म्हणजे नाणे किती झिजले आहे) आणि दुर्मीळता इतक्या बाबी दिलेल्या असतात. प्रतीसाठी व्हीएफ (बरीच चांगली), एक्सएफ (उत्तम), यूएनसी (न वापरलेली) अशी अक्षरे वापरली जातात आणि ती एका लिलाव घराकडून दुसऱ्याकडे जाताना थोडी सैल किंवा घट्ट होतात, हे दोन-तीन लिलाव नुसते पाहिले तरी ध्यानात येते. वर्णनात जे लिहिलेले नसते त्याकडे अधिक लक्ष द्यावे. शेजारच्या दहा लॉटचे वजन दिलेले असून एकाचेच नसेल, किंवा इतर सर्व नाण्यांच्या कडेबद्दल लिहून एकाबद्दल मौन पाळलेले असेल, तर घराला पत्र किंवा संदेश पाठवून विचारावे. चांगली घरे उत्तर देतात आणि मागितल्यास कडेचे छायाचित्रही पाठवतात.

वर्णनातल्या विशेषणांवर मात्र विसंबू नये. शिवराईचेच उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकाशी जोडले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्याच धाटणीची नाणी पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात राहिली. दोन आडव्या रेषांची दुदांडी शिवराई त्या नंतरच्या काळातली असून ती आजही मुबलक मिळते. तेव्हा प्रत्येक शिवराईखाली ‘शिवकालीन’ हा शब्द दिसला तर किमतीला भुलण्याआधी अक्षरांची वळणे, ठिपक्यांचे वर्तुळ आणि ठसा नाण्यावर किती उमटला आहे हे पाहावे, कारण शिवराईची किंमत मुख्यतः याच गोष्टींवर ठरते. शिवकालीन सोन्याच्या होनाच्या बाबतीत तर नवख्याने बोली लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला अतिशय सुलभ आहेत.

याच जातीचा आणखी एक सापळा ऑनलाइन विक्रीत वारंवार दिसतो. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल असलेली जी ‘चमत्कारी’ नाणी लाखोंच्या किमतीला मांडलेली असतात, ती कंपनीने कधीही चलनात आणलेली नाहीत. कंपनीच्या मुलखात सर्वत्र एकसारखी नाणी सुरू झाली तीच मुळी १८३५ मध्ये. त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीवर शुल्क किंवा कर मागणारे लोक ठग असतात, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला आहे.

नाणे हातात घेऊन

लिलावाआधी पाहणीचे एक-दोन दिवस ठेवलेले असतात. सभागृहात जाऊन बोली लावण्याचा खरा फायदा या पाहणीत आहे. हातोड्याच्या थरारात तो शोधू नये. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा आणि लॉट क्रमांकांची यादी एवढे बरोबर न्यावे. नाणे नेहमी कडेला धरावे आणि मऊ कापडावर किंवा ट्रेवरच हाताळावे. वाजवून पाहण्याचा जुना सराफी मार्ग दुसऱ्याच्या नाण्यावर वापरू नये.

भिंगातून काय पाहायचे, ते १९३९ सालच्या रुपयावरून चांगले समजते. सहाव्या जॉर्जचा हा मुंबई टांकसाळीचा रुपया ब्रिटिशकालीन रुपयांतला सर्वांत गाजलेला दुर्मीळ नग आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयातल्या शेवटच्या आकड्यावर कोरीवकाम करून तो ‘बनवला’ जातो. दोन्ही वर्षांचे रुपये ०.९१७ कसाच्या चांदीचे आणि ११.६६ ग्रॅम वजनाचे असल्यामुळे काटा इथे काहीच सांगणार नाही; राजाचा चेहरा, अक्षरे, कड, सारे अस्सलच असते. खोटा असतो तो फक्त एक आकडा. म्हणून भिंग त्या ९ वर रोखावे आणि तिरप्या उजेडात नाणे हळूहळू फिरवावे. आकड्याभोवतीची सपाट जागा बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी चमकत असेल, तिथे बारीक ओरखडे असतील किंवा ९ ची उंची शेजारच्या ३ पेक्षा कमी भरत असेल, तर नाणे ट्रेमध्ये परत ठेवून पुढच्या लॉटकडे वळावे. विश्वासार्ह संस्थेने तपासून सीलबंद केलेल्या डबीतच हा रुपया घ्यावा आणि डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथले छायाचित्र समोरच्या नाण्याशी ताडून पाहावे, कारण डब्यांच्याही नकला होतात.

आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांना एक घरगुती शाप आहे. पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीपूजनाला काढलेले हे रुपये चिंच, लिंबू, रांगोळी, राख असे जे हाताला लागेल त्याने घासून लखलखीत केलेले असतात. पूजेसाठी ते योग्यच आहे. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र अशा नाण्याची निम्म्याहून अधिक किंमत त्या घासण्यातच गेलेली असू शकते. मी एकदा ऑनलाइन लिलावात छायाचित्रातली झळाळी पाहून व्हिक्टोरियाचा एक रुपया चढ्या भावाने घेतला. घरी आल्यावर भिंगाखाली राणीच्या गालावर एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे दिसले. मूळ टांकसाळी चमक नाणे फिरवताना चक्राच्या आऱ्यांसारखी फिरते आणि घासलेली चमक जागच्या जागी राहते, हे तेव्हा माहीत होते. पण स्थिर छायाचित्रात ते दिसत नाही आणि नाण्याची चित्रफीत मागण्याचा मी कंटाळा केला होता.

आकडा

आता मर्यादा ठरवायची. यासाठी अंदाजित किमतीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण लोकांनी यावे म्हणून ती अनेकदा मुद्दाम कमी ठेवलेली असते. उपयोग होतो तो आधीच्या लिलावांतल्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींचा. त्याच जातीच्या आणि त्याच प्रतीच्या नाण्याच्या पाच-सहा विक्री शोधाव्यात, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बाजूला ठेवावी आणि उरलेल्यांवरून एकूण किती देणे रास्त आहे ते ठरवावे. एखाद्या विक्रमी किमतीची बातमी आधार म्हणून धरू नये. त्या दिवशी दोन हट्टी माणसे एकाच खोलीत होती, एवढाच तिचा अर्थ असू शकतो. तसेच जुन्या यादीतला आकडा केवळ हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा, आहे की त्यात प्रीमियम मिळवलेला आहे, हे तपासल्याशिवाय तुलना करू नये.

एकूण रक्कम ठरली की उलटे गणित करावे. समजा, एका नाण्यासाठी सर्व खर्च धरून आपण २०,००० रुपये देण्यास तयार आहोत, प्रीमियम २० टक्के आहे, हातोडा आणि प्रीमियम यांच्या बेरजेवर ५ टक्के कर आहे आणि विमा व टपाल यांचे ३०० रुपये आहेत. टपाल वजा करून उरलेल्या १९,७०० ला १.२ गुणिले १.०५, म्हणजे १.२६ ने भागले की १५,६३५ येतात. टप्पे पाचशेचे असतील तर आपली शेवटची बोली १५,५०० आहे आणि त्या बोलीवर बिल १९,८३० होते. पुढची बोली, १६,०००, आपल्याला २०,४६० ला पडेल. हे दोन्ही आकडे कॅटलॉगमध्ये लॉटशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावेत, म्हणजे ‘आणखी एकच टप्पा’ असे मन म्हणू लागले की त्या एका टप्प्याची खरी किंमत डोळ्यांसमोर असते.

त्याच वेळी संपूर्ण लिलावाचा मिळून एक आकडा वेगळा काढावा. सकाळी तीन लॉट हातचे गेले म्हणून ‘वाचलेले’ पैसे दुपारच्या चौथ्या लॉटवर ओतणे ही सभागृहातली सर्वांत जुनी खोड आहे. चौथ्या नाण्याची किंमत आपल्या खिशातल्या शिलकीने वाढलेली नसते.

बोलीच्या दिवशी

सभागृहात मागच्या रांगेत बसावे; तिथून कोण बोली लावत आहे ते दिसते. आपल्याला नको असलेले पहिले वीस-पंचवीस लॉट नुसते ऐकावेत, म्हणजे लिलावकर्त्याचा वेग, टप्पे आणि त्या दिवशी खोलीत असलेली भूक यांचा अंदाज येतो. आपल्या लॉटवर बोली लावताना घाई करू नये आणि रेंगाळूही नये. पॅडल (आपल्या क्रमांकाची हातपाटी) स्पष्ट वर करावे, मर्यादा आली की खाली ठेवावे आणि लिलावकर्ता आपल्याकडे कितीही प्रेमाने पाहू लागला तरी मान हलवून नकार द्यावा.

टप्प्यांचा एक बारकावा इथे सांगायला हवा. आपली मर्यादा १५,५०० आहे आणि १५,५०० ची बोली समोरच्याकडून आली, तर आपण हरलो ते मर्यादेवर नव्हे, पाळीवर. हे होऊ शकते हे माहीत असल्यामुळे, ज्या नाण्याची खरी आस आहे त्याच्यासाठी एक जादा टप्पा चालेल की नाही हे आदल्या रात्रीच ठरवून तसे लिहून ठेवावे. ऐनवेळी दिलेला जादा टप्पा आणि आधी ठरवलेला जादा टप्पा, दोन्ही पाचशे रुपयांचेच दिसतात. पण ऐनवेळी एक दिला की दुसराही दिला जातो आणि तिसराही.

एकाच लिलावात एकाच जातीची तीन नाणी आली असतील तर पहिल्यावर जीव टाकू नये. ऑर्ली ॲशनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये वाइनच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवले की एकसारखे लॉट एकामागून एक विकले जातात तेव्हा नंतरच्यांची किंमत वाढण्यापेक्षा उतरण्याचेच प्रसंग अधिक असतात. नाण्यांची प्रत एकसारखी नसते, त्यामुळे हा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी अंकुशाचे चिन्ह असलेल्या अंकुशी रुपयांसारख्या नेहमी येणाऱ्या नाण्यांत मी अनेकदा दुसरा किंवा तिसरा नग स्वस्तात घेतलेला आहे.

सभागृहात जाता येत नसेल तर लेखी बोली देता येते. तत्त्व असे, की तुमची कमाल बोली घराकडे असते आणि प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच ती वापरली जाते. तुमची कमाल १५,५०० आणि दुसऱ्याची ९,००० असेल तर हातोडा ९,५०० वर पडावा. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या प्रकारच्या लिलावाचे गणित मांडले आणि १९९६ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता; जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर आपली खरी कमाल सांगून टाकणे यातच शहाणपण असते, हा त्याचा गाभा. अट एकच, की घराने बोली खरोखर तशीच वापरली पाहिजे. आपल्या लेखी बोली पुन्हा पुन्हा नेमक्या कमाल आकड्यालाच सुटत असतील तर त्या घराकडे लेखी बोली देणे थांबवावे. दोन लेखी बोली सारख्या असल्या तर सहसा आधी आलेली धरली जाते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

ऑनलाइन लिलावात वेळ संपण्याची पद्धत आधी पाहावी. काही ठिकाणी घड्याळ ठरल्या क्षणी थांबते, तर काही ठिकाणी अखेरच्या मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की ठरल्या वेळी बंद होणाऱ्या ईबेवर शेवटच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण वेळ वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांपेक्षा बरेच जास्त होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वेळ सरकणार असेल तर शेवटच्या सेकंदाची धडपड व्यर्थ आहे, आणि घड्याळ थांबणार असेल तर उशिरा लावलेल्या बोलीने निदान इतरांना चिथावणी मिळत नाही. दोन्ही प्रकारांत कमाल आकडा तोच राहतो. सभागृहातला लिलाव थेट पडद्यावर पाहून बोली लावत असाल तर चित्र एक-दोन सेकंद मागे असते, हे लक्षात ठेवून शेवटच्या हाकेची वाट पाहू नये.

कायद्याची बाजू

१९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम लिलावासंबंधी आहे आणि ते प्रत्येक बोली लावणाऱ्याने एकदा वाचावे. प्रत्येक लॉट हा स्वतंत्र करार मानला जातो. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याला स्वतःच्या मालावर बोली लावायची असेल तर तो हक्क आधी स्पष्टपणे राखून ठेवावा लागतो. आणि किंमत फुगवण्यासाठी विक्रेत्याने खोट्या बोली लावल्या असतील तर विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या भाचा-पुतण्यासाठी इथे बोली लावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे : १९११ चा रुपया इथेच ठेवावा लागेल. शेतात सापडलेल्या हंड्यातली नाणी म्हणून कोणी परस्पर विकू पाहत असेल तर दूर राहावे, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. मोठ्या खरेदीत दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. पैसे बँकेतूनच भरावेत आणि पक्के बिल घ्यावे.

हातोडा पडल्यानंतर

पाकीट उघडतानाच चित्रफीत काढावी आणि परतीची मुदत संपण्याआधी तपासणी पूर्ण करावी. डबीबाहेरच्या चांदीच्या नाण्याची घरच्या घरी होणारी सर्वांत उपयोगी चाचणी पाण्याची आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा, नाणे बारीक दोऱ्याने बांधून तळाला व काठाला न टेकता पूर्ण बुडवावे आणि काटा काय दाखवतो ते पाहावे. ११.६६ ग्रॅमच्या ०.९१७ चांदीच्या रुपयाला तो सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो. जर्मन सिल्व्हरचा (चांदी नसलेल्या, पण चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूचा) तेवढ्याच वजनाचा बनावट रुपया १.३४ च्या आसपास जातो. त्यानंतर नाणे टिपून पूर्ण वाळवावे, घासू नये, आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावे, कारण स्वस्त मऊ प्लास्टिक काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढवते.

पाकिटासोबतच्या चिठ्ठीवर लिलावाची तारीख, लॉट क्रमांक, हातोडा, प्रीमियम, कर आणि एकूण रक्कम लिहावी. तिच्याच मागे मी आणखी एक यादी ठेवतो : त्या दिवशी जे लॉट मला मिळाले नाहीत ते, माझी मर्यादा आणि ते ज्या किमतीला गेले ती किंमत. तेच नाणे पुढच्या कॅटलॉगमध्ये आले की मी प्रथम ही यादी काढतो.